मुद्दाम बुडवायची युद्धनौका: ‘गुलदार’ बघायला जाण्याआधी हे माहिती असू द्या

दिवाळीची किंवा उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की छत्रपती संभाजीनगरातल्या फॅमिली ग्रुपवर तोच मेसेज पडतो. मालवणला जाऊया, स्कुबा करूया. मराठवाड्याला समुद्र नाही, त्यामुळे इथल्या माणसाला त्याचं अप्रूप जरा जास्तच. रात्रभर गाडी चालवायची, सकाळी तारकर्लीत उतरायचं, दुपारपर्यंत पाण्याखालचा व्हिडिओ हातात आणि संध्याकाळी स्टेटसवर.

आता या प्लॅनमध्ये एक नवं नाव आलंय, ते म्हणजे ‘आयएनएस गुलदार’. नौदलाची जुनी युद्धनौका सिंधुदुर्गातल्या निवतीच्या समुद्रात बुडवायची, तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायचं आणि पर्यटकांना ते दाखवायचं, असा हा प्रकल्प आहे. त्यावर रील्स भरपूर फिरतात. पण ही नौका नक्की कुठली, ती मुद्दाम बुडवायची कशाला, पैसा कुणाचा आणि तारकर्लीत पंधरा मिनिटांचं स्कुबा करणाऱ्याला ती खरंच बघता येणार का, हे त्या रील्समध्ये सापडत नाही.

‘गुलदार’ आहे तरी काय?

गुलदार म्हणजे बिबट्या. ही नौका पोलंडमधल्या ग्दिनियाच्या कारखान्यात बांधली गेली आणि डिसेंबर १९८५ मध्ये भारतीय नौदलात आली. लांबी साधारण ८४ मीटर. तिच्यासोबत ‘चित्ता’ आणि ‘कुंभीर’ या तिच्याच जातीच्या नौकाही होत्या. तोफांच्या मोठ्या लढाया करणं हे यांचं कामच नव्हतं. रणगाडे, गाड्या आणि सैनिक घेऊन थेट किनाऱ्याला लागायचं, पुढचा दरवाजा उघडायचा आणि सगळं वाळूवर उतरवायचं, हे त्यांचं काम. मालवाहू ट्रकचा फाळका पाडतात ना, साधारण तसंच.

श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या काळात, पुढे तिथल्या समुद्रातल्या गस्तीत आणि २००४ च्या त्सुनामीनंतरच्या मदतकार्यात या नौका वापरल्या गेल्या. १२ जानेवारी २०२४ ला पोर्ट ब्लेअरमध्ये तिघींना एकाच दिवशी निरोप दिला गेला. एरवी अशा नौकेचा पुढचा मुक्काम भंगारात असतो. ‘गुलदार’ मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारच्या तळावर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या, म्हणजे एमटीडीसीच्या ताब्यात आली. साफसफाईचं आणि बुडवण्याचं तांत्रिक काम माझगाव डॉकच्या मदतीने करायचं ठरलं.

डायव्हिंगच्या दृष्टीने ही निवड चांगली आहे. रणगाडे ठेवायचे म्हणून या नौकेच्या पोटात एक लांबलचक मोकळं दालन असतं. विमानवाहू किंवा विनाशिका घेतली असती, तर आत अरुंद जिने आणि खोल्यांचा चक्रव्यूह मिळाला असता. बुडालेल्या जहाजात माणसं अडकतात ती बहुतेक वेळा अशाच जागी.

याच समुद्रात ‘विराट’ येणार होती

सिंधुदुर्गाला युद्धनौकेचं स्वप्न पहिल्यांदा दाखवलं गेलं ते २०१८ मध्ये. ‘आयएनएस विराट’ ही विमानवाहू नौका मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. तिचं निवतीजवळच्या समुद्रात संग्रहालय करायच्या ८५२ कोटींच्या योजनेला राज्य मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०१८ मध्ये मंजुरीही दिली. हॉटेल, डायव्हिंग, साहसी खेळ असं बरंच काही त्यात होतं.

पैसे काही उभे राहिले नाहीत. २०२० मध्ये ‘विराट’ ३८ कोटी ५४ लाखांना लिलावात गेली आणि सप्टेंबरमध्ये गुजरातच्या अलंगला तोडायला पोहोचली. शेवटच्या क्षणी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण तोवर तोडणी इतकी पुढे गेली होती की वाचवण्यासारखं फार उरलं नव्हतं. त्याआधी पहिल्या ‘विक्रांत’चंही हेच झालं. काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, मग २०१४ मध्ये दारूखान्यात तोडायला गेली.

त्यामुळे ‘गुलदार’च्या घोषणेकडे कोकणातली माणसं जरा डोळे बारीक करून बघत असतील, तर त्यांचं काही चुकत नाही. त्यात २०२३ च्या डिसेंबरमध्ये सिंधुदुर्गातला पाणबुडी पर्यटनाचा प्रकल्प गुजरातला चालल्याच्या बातम्यांवरून मोठं राजकारण झालं होतं. तो कुठेही जाणार नाही, असं तेव्हा सरकारला जाहीरपणे सांगावं लागलं.

पैसे कुणाचे?

यावेळी आकडा लहान आहे, ४६ कोटी ९१ लाख. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने २३ राज्यांतल्या ४० पर्यटन प्रकल्पांसाठी मिळून ३,२९५ कोटी मंजूर केले, त्यातला हा एक. त्या यादीत महाराष्ट्राच्या वाट्याला दोनच प्रकल्प आले, नाशिकचा रामकाल पथ आणि सिंधुदुर्गातली ‘गुलदार’. (अजिंठा-वेरूळ ज्या शहराच्या जिवावर जगाच्या नकाशावर आहे, त्या आपल्या शहराचं नाव त्यात नव्हतं. तो वेगळा विषय.)

बातम्यांमध्ये ‘केंद्राने निधी दिला’ असं येतं. प्रत्यक्षात ही योजना राज्यांना भांडवली कामासाठी ५० वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज देण्याची आहे. व्याज नसलं तरी मुद्दल राज्याच्या नावावर राहतं. प्रकल्प दोन वर्षांत उभा करायचा आणि केंद्राकडचे पैसे मार्च २०२६ पर्यंत वितरित व्हायचे, असं वेळापत्रक होतं. शहरात रस्ता किंवा इमारत बांधताना पावसाळ्यातही थोडंफार काम चालतं. निवतीच्या समुद्रात मेअखेर ते ऑगस्ट काहीच करता येत नाही. म्हणजे दोन वर्षांतले सहा-सात महिने आधीच वजा. सरकारी वेळापत्रक आखताना पावसाळा मोजला होता का, हा प्रश्न इथे विचारायलाच हवा.

जहाज बुडवल्याने समुद्राचं भलं होतं का?

होऊ शकतं, पण आपोआप होत नाही. निवती परिसरात खडक आहेत, मात्र आजूबाजूचा बराचसा तळ वाळू-चिखलाचा आहे. शेवाळ, शिंपले, कालवं, प्रवाळ यांना चिकटून बसायला काहीतरी टणक लागतं. पोलादी सांगाडा तळावर बसला की काही आठवड्यांत त्यावर शेवाळाचा थर येतो, मग बार्नॅकल आणि शिंपले बसतात. त्यांना खायला लहान मासे येतात आणि लहानांच्या मागे मोठे. गरम पाण्यात हे सगळं भराभर होतं. बालीतल्या तुलांबेनचं ‘लिबर्टी’ जहाज याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला, ते किनाऱ्यावर आणून ठेवलं गेलं आणि १९६३ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात ढकललं जाऊन पाण्यात गेलं. आज ते प्रवाळांनी झाकलंय आणि गावाची बरीचशी कमाई डायव्हर लोकांवर चालते. सिलिंडर डोक्यावरून किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्या बायकासुद्धा त्या गावातल्याच.

शास्त्रज्ञांचा एक जुना वाद मात्र मिटलेला नाही. बुडवलेल्या जहाजामुळे मासे वाढतात, की आजूबाजूचे मासे फक्त एका जागी गोळा होतात? दुसरं खरं असेल आणि तिथे मासेमारीला मोकळीक असेल, तर जहाज म्हणजे मासे पकडायला लावलेलं आमिषच ठरतं. तिथे काय करायचं आणि काय नाही, याचे नियम किती कडक असतील त्यावर बरंच अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट साफसफाईची. जुन्या जहाजात इंधन असतं, वंगण असतं. वायरी, ॲस्बेस्टॉस, शिसं असलेला रंग आणि पीसीबी नावाची विषारी रसायनंही असतात. हे सगळं न काढता जहाज बुडवलं, तर आपण समुद्रात कचराच टाकला. जहाजं बुडवण्याआधी ती कशी साफ करायची याची सविस्तर नियमावली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००६ मध्ये काढली. ऑस्ट्रेलियात ‘ॲडलेड’ ही युद्धनौका बुडवायची तारीख ठरलेली असताना किनाऱ्यावरचे रहिवासी लवादाकडे गेले. शिशाचा रंग आणि वायरी काढण्याचं आणखी काम करायला लागलं आणि नौका बुडायला एप्रिल २०११ उजाडलं. रहिवासी विकासाच्या आड आले, असं तेव्हाही म्हटलं गेलंच. पण जहाज अधिक स्वच्छ होऊन पाण्यात गेलं ते त्यांच्यामुळे.

न साफ केलेलं जहाज काय करतं, हे आपल्या किनाऱ्याने पाहिलंय. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ दुसऱ्या जहाजावर आदळलं, तेल सांडलं, कंटेनर पाण्यात पडले, खारफुटी काळी झाली आणि लोकांनी मासे खाणं सोडलं. मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ तब्बल ६४० कंटेनर घेऊन बुडालं आणि प्लास्टिकचे बारीक दाणे किनाऱ्यांवर येऊन पडले. ते अपघात होते. ‘गुलदार’च्या बाबतीत अपघाताचं कारण देता येणार नाही, कारण इथे वेळही आपल्या हातात आहे आणि जहाजही. काय काढलं, किती काढलं, कुणी तपासलं, याची यादी लोकांसमोर ठेवणं काही अवघड नाही.

चांगल्या हेतूने वाटोळं कसं होतं, हे बघायचं असेल तर फ्लोरिडाचं ऑस्बोर्न रीफ आहे. १९७० च्या दशकात तिथे कृत्रिम प्रवाळासाठी वीसेक लाख जुने टायर समुद्रात टाकले. टायर बांधलेले पट्टे तुटले, टायर लाटांसोबत फिरायला लागले आणि शेजारचं खरं प्रवाळ घासून मोडलं. ते गोळा करायचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं.

पावसाळ्याचं काय?

फ्लोरिडातच ‘स्पिगेल ग्रोव्ह’ नावाचं दीडशे मीटरहून लांब जहाज २००२ मध्ये बुडवलं गेलं. ते ठरल्यापेक्षा आधीच बुडायला लागलं आणि कुशीवर आडवं पडलं. तीन वर्षांनी ‘डेनिस’ वादळ आलं आणि लाटांनी ते सरळ उभं केलं! डायव्हर लोक खूश झाले, पण यातून दुसरंच कळतं. उथळ पाण्यात हजारो टनांचं पोलादसुद्धा समुद्र हलवू शकतो.

‘गुलदार’ त्याच्या निम्म्याहून थोडी मोठी. तिला वीसेक मीटर पाण्यात ठेवायचा विचार आहे आणि अरबी समुद्राचा पावसाळा दरवर्षी चार महिने मुक्कामाला असतो. नौका नुसती बुडवून भागत नाही. ती सरळ बसली पाहिजे, हलता कामा नये आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर पर्यटक सोडण्याआधी तपासली गेली पाहिजे. उद्घाटनाच्या फोटोत हा खर्च दिसत नाही, पण तो दरवर्षीचा आहे.

मच्छीमारांना काय मिळणार?

सिंधुदुर्गाचा समुद्र रिकामा नाही. रापण ओढणारे, छोट्या होडीतून गळ आणि जाळी टाकणारे पारंपरिक मच्छीमार आणि यांत्रिक पर्ससीन नौका यांच्यातला झगडा इथे कित्येक वर्षं चालू आहे. १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेव्हापासून ‘आमच्या पोटावर पाय’ ही भीती इथल्या बोलण्यात आहे. नवा प्रकल्प आला की पहिला प्रश्न येतो, आमच्या जाळ्याला आता कुठे बंदी?

तळाशी पोलादी सांगाडा असला की त्यात जाळी अडकतात. अडकलेलं जाळं कापून सोडून द्यावं लागतं. हजारो रुपयांचं नुकसान होतं आणि ते जाळं पुढे महिनोन् महिने मासे मारत राहतं. डायव्हरसाठीही ते धोक्याचंच. याउलट, तळ खरवडत जाणारे ट्रॉलर अशा ठिकाणाच्या जवळ यायला घाबरतात. छोट्या मच्छीमाराला हे सोयीचं ठरू शकतं. म्हणजे नुकसान आणि फायदा दोन्ही त्याच गावात आहेत. कुणाच्या वाट्याला काय येईल, हे जागेच्या हद्दी कुणाला विचारून आखल्या आणि पर्यटक नेणाऱ्या होड्यांचे परवाने कुणाला मिळाले यावर ठरेल. मालवणात स्कुबाचा धंदा वाढला तो मुळात मच्छीमार कुटुंबांतल्या पोरांनीच वाढवला. निवतीतही तेच व्हायला हवं, मुंबई-गोव्याची कंपनी मालक आणि गावातलं पोरगं पगारी खलाशी असं नको.

मग तुम्हाला ‘गुलदार’ दिसणार का?

इथे बऱ्याच जणांची निराशा होणार आहे. मालवण-तारकर्लीत आपण जे ‘स्कुबा’ करतो, ते खरं तर चाचणीचं डायव्हिंग. प्रशिक्षक मागून धरून असतो आणि खोली सहसा दहा मीटरच्या आत. डायव्हिंगचं प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला १२ मीटरच्या खाली नेऊ नये, असा जगभर मान्य असलेला नियम आहे. तीन-चार दिवसांचा ‘ओपन वॉटर’ कोर्स केला तर १८ मीटर आणि त्याच्या पुढचा कोर्स केला तर ३० मीटर.

आता वीसेक मीटरवर बसलेलं जहाज डोळ्यासमोर आणा. त्याचा वरचा भाग कमी खोलीवर असेल, पण डेक बघायचा, पुढच्या दरवाजापाशी जायचं, तर प्रमाणपत्र लागणारच. पोटातल्या दालनात शिरायचं असेल तर बुडालेल्या जहाजात शिरण्याचं वेगळं प्रशिक्षण हवं. डोक्यावर छप्पर असलं की काही झाल्यावर सरळ वर येता येत नाही, आणि पायाने गाळ उडाला की बाहेर पडायची वाट दिसेनाशी होते. म्हणूनच या प्रकल्पात पाणबुडीही आहे. डायव्हिंग न येणाऱ्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना काचेतून जहाज दाखवायचं, असा तो विचार.

पाण्याबद्दलही आधीच सांगितलेलं बरं. रील्समध्ये दिसतं तसं निळंशार पाणी अंदमान-लक्षद्वीपचं. कोकणात नद्यांचा गाळ येतो, त्यामुळे कधी दहा मीटरपर्यंत स्वच्छ दिसतं, तर कधी हाताच्या अंतरावरचंही धूसर. ऑक्टोबरनंतर गाळ बसत जातो, तेव्हा बरं.

ज्यांना खरंच शिकायचंय त्यांच्यासाठी तारकर्लीतच एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. आणि ज्यांना इतिहासाचं वेड आहे, त्यांनी गोव्याकडेही बघावं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्व अभ्यासकांनी सुंची रीफजवळ सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज व्यापाराचे अवशेष शोधलेत. हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, लोखंडी तोफा. सेंट जॉर्ज रीफजवळ ‘बासेल मिशन’चा १८६५ सालचा शिक्का असलेली कौलं मिळाली, कोकणातल्या जुन्या घरांवर असायची तशीच. अशा ठिकाणची वस्तू ‘आठवण’ म्हणून उचलून आणू नका. शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू पुरावशेष कायद्याखाली येतात.

बुडालेलं प्रत्येक जहाज बघायला जायची गोष्टही नसते. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या कित्येक घरांत ती अजून निघते. ‘गुलदार’वर कुणाचा जीव गेलेला नसताना ती रिकामी करून खाली न्यायची, म्हणून तिथे हसत फोटो काढता येईल.

जायचंच असेल तर

होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट मागा आणि होडीत किती माणसं भरलीत ते मोजा. मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कुबाहून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. तो अपघात डायव्हिंगचा नव्हता, होडीचा होता. दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं असेल तर लपवू नका. सर्दी असताना उतरू नका, कानात दाब बसतो. पाण्यात श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवरून वर येताना फुप्फुसातली हवा फुगून दुप्पट होते आणि ती बाहेर पडलीच पाहिजे.

शेवटची गोष्ट घाटावरून जाणाऱ्यांसाठी, आणि ती मालवणात सगळेच सांगतात असं नाही. पाण्याखाली दाबामुळे रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू निघून जायला वेळ लागतो. त्याआधी उंचावर गेलं, म्हणजे हवेचा दाब कमी झाला, की सोड्याची बाटली उघडल्यावर येतात तसे त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखतात, मुंग्या येतात, गंभीर झालं तर लकवाही मारतो. म्हणून एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डायव्ह केल्या तर १८ तास विमानात बसू नये, असा सल्ला आहे. हा सल्ला ६०० मीटरहून उंच ठिकाणी जाण्यालाही लागू होतो. आंबोली घाटाचा माथा जवळपास ६९० मीटरवर आहे. उथळ पाण्यात एकदाच, दहा-पंधरा मिनिटं उतरलात तर धोका फार कमी. पण उद्या कोर्स करून वीस मीटरवर ‘गुलदार’भोवती दोन डायव्ह केल्यात आणि त्याच संध्याकाळी गाडी घाटाला लावलीत, तर हिशेब बदलतो. तेव्हा डायव्हिंग पहिल्या-दुसऱ्या दिवशी उरकून घ्या. शेवटच्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला पाहा, मालवणी जेवा, खाजा बांधून घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संभाजीनगरच्या रस्त्याला लागा.